आधी ओवणं, मग विणणं

पांढऱ्या मण्यांवर गुलाबांचा हार, खाली मण्यांचीच झालर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, १८२०-३०च्या सुमाराला, जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या बायकांना अशा बटव्यांची मोठी हौस होती.

त्याआधी युरोपातल्या बायकांचे खिसे घागऱ्याच्या आत, कमरेला बांधलेले असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस तलम मलमलीचे झगे आले. बंगालची मलमल त्यात अव्वल. आतला खिसा तिच्यातून फुगलेला दिसायचा. मग खिसा बाहेर आला, हातात आला आणि नटला.

मणी काचेचे, व्हेनिस आणि बोहेमियाचे. मंगळसूत्रातल्या काळ्या मण्यांहून कितीतरी बारीक. बघताना वाटतं, कापडावर एकेक मणी शिवला असेल. पण मण्यांखाली कापड नाहीच. चौकटीच्या कागदावर नक्षी रंगवायची, ती बघत हजारो मणी रेशमी दोऱ्यात ओवायचे, आणि तेही उलट्या क्रमाने, कारण शेवटी ओवलेला मणी विणताना पहिला येतो. मग तारेसारख्या पोलादी सुयांवर, टाक्यागणिक एक मणी सरकवत विणत जायचं. तेव्हा रंग निवडायचा प्रश्नच उरत नाही. गुलाब दोऱ्यातच तयार असतो.

ओवताना एक मणी जास्त झाला, तर पुढचा सगळा गुलाब एका घराने सरकतो. अशा वेळी तो मणी चिमट्यात दाबून फोडतात, दोऱ्याला धक्का न लावता. कमी पडला तर मात्र दोरा तोडून मणी घालायचा आणि गाठ मारायची. या बटव्याचं खरं कसब मला या ओवण्यातच दिसतं. ज्यांनी ते केलं, त्यातल्या बहुतेकींची नावं कुठेच नोंदलेली नाहीत, याची खंत वाटते.

जाणकार संग्राहक नक्षीवर भाळण्याआधी अस्तराच्या आत डोकावतात. काच टिकते, रेशीम कुजतं. म्हणून असा बटवा खुंटीला टांगायचा नाही. मण्यांचा सगळा भार जुन्या दोऱ्यावर येतो. आम्लरहित कागदात आडवा ठेवायचा, उचलताना दोन्ही तळहातांवर घ्यायचा. दमट हवेत काही जुनी काच पाझरते, मणी चिकट होतात. मुंबई-कोकणात कुणाकडे असा बटवा असेल, तर पावसाळ्यात तो अधूनमधून पाहायलाच हवा.

फाटलेले बटवेसुद्धा विकले जातात. त्यातले सर्वांत बारीक मणी आता बनतच नाहीत. दुरुस्ती करणारे ते सोडवून, रंगवार कुप्यांत भरून ठेवतात.