कोंबड्यांच्या अंगणात भुसा नको, ढलप्या

नमस्कार, शेतकरी बंधू-भगिनींनो.

मृगाच्या दोन सरी पडल्या की खुराड्यापुढच्या जाळीच्या अंगणात राड होते. शिट चिखलात कालवली जाते, माश्या घोंगावतात आणि रक्ती हगवणीच्या जंतूंना लागते ती ऊब अन् ओल आयतीच मिळते. मग घाईघाईनं वखारीतून लाकडाच्या भुशाची पोती येतात. चुकतं ते इथेच.

भुसा बारीक असतो. तो पाणी धरून ठेवतो, कोंबड्यांच्या पायाखाली दबून त्याचा लगदा होतो, आत हवा खेळत नाही. हवा कोंडली की शिट कुजत नाही, सडते. भाताचं तूस छपराखाली, खुराड्याच्या आत उत्तम. उघड्यावर मात्र पहिल्या जोराच्या सरीत वाहून जातं. पेंढा भिजला की बुरशी धरतो. उघड्या अंगणाला हवी लाकडाची ओबडधोबड ढलपी, २ ते ५ सेंटिमीटरची. तुकड्यांमधल्या फटींतून पाणी खाली उतरतं आणि वरचा थर लवकर कोरडा होतो.

पावसाळ्याआधी झाडांची छाटणी चालते, त्या फांद्या ढलप्या करणाऱ्या यंत्रातून काढून घ्या. आंबा, जांभूळ, फणस चालतात. कण्हेर अजिबात नको, ती विषारी. बाभळीचे काटे तळपायात मोडतात, मग तिथे गाठ येऊन पू होतो. फर्निचरच्या दुकानातला चुरा फुकट मिळाला तरी आणू नका: त्यात प्लायवुडचा डिंक, रंग, वाळवीचं औषध असतं आणि खिळेही. चकाकणारी वस्तू दिसली की कोंबडी ती गिळणारच!

आता माप. १० कोंबड्यांसाठी १० बाय १० फुटांचं अंगण धरा. ६ इंचांच्या थराला ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास ढलप्या लागतात. थर दबतो, म्हणून थोड्या जास्तच मागवा.

आधी जुना चिखल खरवडून काढा. १० फुटांत दोन-अडीच इंच उतार द्या आणि वरच्या अंगाला चर खणा, म्हणजे बाहेरचं पाणी आत शिरणार नाही. हे टाळलं तर ढलप्या कितीही ओता, तळाशी डबकं साचणारच. कडेला विटा किंवा चिरे लावा, नाहीतर कोंबड्या उकरून निम्म्या ढलप्या जाळीबाहेर घालवतात. खाली प्लॅस्टिक अंथरू नका, पाणी जिरायला हवं. घराची भिंत आणि लाकडी खांब यांना ढलप्या टेकू देऊ नका, वाळवी लागते.

ताज्या ढलप्या चालतात, पण ओल्या पोत्यात बांधून ठेवलेल्या नकोत. पोतं उघडल्यावर पांढरी बुरशी आणि धूळ उडाली, तर तो माल परत करा. ती धूळ कोंबड्यांच्या फुप्फुसांत जाते.

एरवी देखभालीचं काम थोडंच. संध्याकाळी मूठभर दाणे फेकले की कोंबड्याच थर उलथतात. पाण्याचं भांडं विटांवर ठेवा, त्याच्याभोवतीच्या भिजलेल्या ढलप्या तेवढ्या उचला. वास आला म्हणून चुना भुरभुरू नका, ओल्या शिटेवर चुना पडला की अमोनिया अधिकच सुटतो. वास आला म्हणजे ओल वाढली किंवा ढलप्या कमी पडल्या. वर २-३ इंचांची भर घाला.

वर्षाकाठी तळाचा काळा, भुसभुशीत थर निघतो. त्यातल्या न कुजलेल्या ढलप्या चाळून पुन्हा अंगणात टाका. त्या मातीत मिसळल्या तर पिकाचं नत्र ओढून घेतात. उरलेलं वांगी-मिरचीला द्यायचं असेल, तर आधी दोन-तीन महिने खड्ड्यात कुजू द्या.