समुद्र किती खारा, किती गरम?

पडद्यावर भारताभोवतीच्या समुद्राचा नकाशा आहे: डावीकडे अरबी समुद्र, उजवीकडे बंगालचा उपसागर. अक्षांश तेच, ऊनही जवळपास तेवढंच. पण क्षारतेच्या नकाशात रंग बघा. अरबी समुद्राच्या वरच्या थरात एक किलो पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम क्षार. उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ३० ग्रॅमसुद्धा नाहीत. गंगा, ब्रह्मपुत्रा, इरावती सगळ्या तिकडेच रित्या होतात. आपल्या त्र्यंबकेश्वरची गोदावरीसुद्धा.

गोडं पाणी हलकं, म्हणून ते वरच राहतं. वारा कितीही घुसळो, खालचा गारवा वर येऊ शकत नाही. भर पावसाळ्यातही उपसागराचा पृष्ठभाग २८ अंशांच्या आसपास तापलेला राहतो आणि ढगांना खाद्य मिळत जातं. थोडक्यात, पावसाचा अंदाज बांधायचा तर उष्णतेइतकाच मिठाचाही हिशेब हवा.

हा हिशेब आला कुठून? १९६०च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत जहाजावरून तारेला बाटल्या बांधून खोल सोडत. मग त्याच तारेवरून एक वजन खाली घसरवत. ते आदळलं की बाटली उलटी होऊन बंद व्हायची, आणि तिला जोडलेल्या तापमापकातला पारा त्या क्षणी तुटायचा. वर येईपर्यंत तिथल्या खोलीचं तापमान जसंच्या तसं! याच मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. आज ती गोव्यात दोना पावलाला आहे.

आता हे काम आर्गो तरंगक, म्हणजे समुद्रात सोडलेली, आपोआप खाली-वर होणारी यंत्रं करतात. हजार मीटर खोलीवर वाहत राहायचं, साधारण दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत उतरायचं, वर येताना मोजत यायचं आणि आकडे उपग्रहाकडे धाडायचे. क्षारता कळते ती पाण्यातून वीज किती सहज वाहते त्यावरून.

अशा अनेक दशकांच्या नोंदींची चौकोनाचौकोनाने सरासरी काढली की नकाशा तयार होतो. जागतिक नकाशात चौकोन बहुधा एक अंशाचा, म्हणजे सुमारे ११० किलोमीटरचा. त्यात वेंगुर्ला, पणजी आणि मडगाव एकाच रंगात बुडतात! म्हणून प्रादेशिक नकाशे बारीक चौकोनांचे करतात. पण चौकोन बारीक केले म्हणून नोंदी वाढत नाहीत. तरंगक किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यासाठी बनवलेलेच नाहीत. तिथे मदार जहाजांवर, आणि जुलैच्या खवळलेल्या समुद्रात जहाजांचीही अडचण. नकाशांमागच्या अशा नोंदींच्या संचांसोबत कुठे किती मोजण्या झाल्या, तेही बहुधा दिलेलं असतं. रंगीत नकाशाआधी ते उघडावं.