नंबर जुळतात, पण कशाशी?

नमस्कार, श्रोतेहो.

एक इंजिन डोळ्यांसमोर आणा. शेव्हरोलेचं व्ही-एट, १९६९ सालचं. बॉनेट उघडं आहे आणि तुमच्या हातात टॉर्च आहे. उजव्या सिलिंडर हेडच्या लगेच पुढे, होस आणि पट्ट्यांच्या आडोशाला, जेमतेम बोटभर रुंदीची एक सपाट जागा दिसते. तिच्यावर पंच मारून अक्षरं आणि आकडे उठवलेले आहेत. सुरुवातीला टी०३१२ असेल, तर ते इंजिन न्यूयॉर्क राज्यातल्या टोनावांडाच्या कारखान्यात १२ मार्चला जुळवलं गेलं. पुढची अक्षरं सांगतात की इंजिन कोणतं आणि किती ताकदीचं. शेजारी आकड्यांची दुसरी ओळ असते. ती मारली गेली गाडी जोडणाऱ्या कारखान्यात. गाडीच्या स्वतःच्या क्रमांकाचा तो शेवटचा तुकडा. म्हणजे दोन ओळी, दोन कारखाने, दोन वेगळे हात.

संग्राहकांच्या गाड्यांच्या लिलावात कॅटलॉगवर ‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिन याच गाडीचं मूळ, असं छापतात, ते या बोटभर जागेच्या भरवशावर. हे दोन शब्द आले की बोली चढते. आता गंमत बघा. नंबर जुळतात हे खरं, पण कशाशी जुळतात, आणि जुळवले कुणी, कधी, हे त्या दोन शब्दांत कुठेच येत नाही.

कारखान्यात हा पृष्ठभाग ब्रोच नावाच्या लांब दातेरी हत्यारानं तासला जायचा. त्यामुळे त्यावर पुढून मागे जाणाऱ्या बारीक समांतर रेषा उरतात, आणि आकडे त्या रेषांच्या वर बसलेले असतात. पुढे कधी इंजिन खोललं, वरची बाजू मशिनवर घासून सपाट केली, की रेषा जातात आणि आकडेही जातात. यात मेकॅनिकची काही लबाडी नसते, बिचारा आपलं काम करत असतो. लबाडी सुरू होते त्यानंतर. कुणीतरी पंचांचा सेट आणतो, कोऱ्या पृष्ठभागावर हवा तो नंबर ठोकतो, आणि मग लक्षात येतं की रेषा राहिल्या. मग त्या रेषाही ओढल्या जातात! मला विचाराल तर मी फार सुबक ओळीला जास्त घाबरतो. गाडी जोडताना त्या माणसाला दिवसभरात किती गाड्या हातावेगळ्या करायच्या असत. त्याचा एखादा आकडा तिरका, एखादा खोल, एखादा वर सरकलेला असायचाच.

आकडे खोटे ठोकता येतात, तारखा मात्र अडचणीत आणतात. इंजिनाचा ब्लॉक ओतला जातो तेव्हा साच्यातच तारीख उमटते. शेव्हरोलेची मालक कंपनी जनरल मोटर्स, तिच्या पद्धतीत जानेवारीसाठी ए, फेब्रुवारीसाठी बी, असं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. आधी ओतकाम, मग इंजिनाची जुळणी, मग गाडी. हा क्रम उलटा होऊच शकत नाही. मार्चमध्ये रस्त्यावर आलेल्या गाडीत मे महिन्यात ओतलेला ब्लॉक सापडला, तर वरचे आकडे कितीही गोड बोलोत, ते इंजिन त्या गाडीत जन्माला आलेलं नाही.

आता मुख्य क्रमांकाकडे येऊ. त्याला व्हिन म्हणतात, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. आजच्या गाड्यांवर असतो तो १७ अक्षर-आकड्यांचा व्हिन अमेरिकेत १९८१च्या मॉडेलपासून आला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरत नाहीत, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. नववी जागा पडताळणीची असते, बाकीच्या अक्षरांवरून गणित करून ती निघते. पण लिलावात ज्या गाड्यांवरून भांडणं होतात त्या बहुतेक या आधीच्या. त्या काळी प्रत्येक कंपनीचा आपापला हिशेब होता, आणि कोणाचा हिशेब किती बोलका, यावरच फसवणुकीचा प्रकार ठरतो.

१९६९ची शेव्हरोले कमॅरो घ्या. व्ही-एट इंजिन आणि कूपे बॉडी असली की क्रमांकाची सुरुवात १२४३७९ अशी. साध्या व्ही-एटची तीच, झेड-२८ या खास आवृत्तीची तीच, आणि अख्ख्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाच्या झेडएल-१ची सुद्धा तीच. झेड-२८ त्या वर्षी २०,३०२ निघाल्या, झेडएल-१ फक्त ६९. व्हिनकडे बघून यातलं काही कळत नाही. डिसेंबर १९६८पासून ओहायोतल्या नॉरवूड कारखान्यानं बॉडीच्या छोट्या पत्र्यावर गाडीची आवृत्ती सांगणारे एक्स-३३, एक्स-७७ असे संकेत टाकायला सुरुवात केली, त्यानं थोडी मदत होते. पण तसे पत्रेही हुबेहूब बनवून मिळतात. शिवाय लॉस एंजेलिसच्या कारखान्यानं हे संकेत वापरलेच नाहीत.

याउलट क्रायस्लरची पद्धत. १९७०च्या प्लिमथ बाराकुडाचा नंबर बीएस२७आर असा सुरू होत असेल, तर २७ म्हणजे कन्व्हर्टिबल आणि आर म्हणजे ४२६ क्युबिक इंचाचं हेमी इंजिन. सगळं नंबरातच उघड. १९७१च्या हेमी कुडा, म्हणजे हेमी इंजिनाच्या बाराकुडा, कन्व्हर्टिबल ११च बनल्या, आणि त्यातली एक २०१४ साली सिअ‍ॅटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. आता यातली मेख अशी, की शेव्हरोलेचा बनाव करणाऱ्याला व्हिनला हातही लावावा लागत नाही. इंजिन बदललं, चार पट्टे रंगवले, नावाची पट्टी डकवली की झालं. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. क्रायस्लरचा बनाव करायचा तर खुद्द व्हिन बदलावा लागतो, आणि तो अमेरिकेत केंद्रीय गुन्हा आहे, ५ वर्षांपर्यंत कैद. नंबर जितका मुका, तितका लबाड सुरक्षित.

व्हिनची प्लेट डॅशबोर्डवर, काचेतून दिसेल अशी येऊ लागली ती साठच्या दशकाच्या शेवटी. जनरल मोटर्सच्या प्लेटा सहा पाकळ्यांच्या फुलासारख्या रिव्हेटांनी बसवलेल्या असतात. त्यामुळे जाणता माणूस आधी रिव्हेट बघतो आणि मग आकडे. चासीवर पंच केलेला नंबर घासून टाकला तरी काम संपत नाही. पंच बसतो तेव्हा आकड्याखालचा धातूही दाबला जातो, आणि तो दाब डोळ्यांना दिसणाऱ्या खोलीपेक्षा खाली पोचलेला असतो. तिथे ठरावीक आम्ल लावलं की दाबलेला धातू वेगळा कोरला जातो आणि जुना आकडा भुतासारखा वर येतो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो हा असा.

इतकं सगळं ऐकून वाटेल की फसवणारा म्हणजे कुणी अंधारातला भुरटा चोर. तसं नाही. गाड्या बनवणारे अमेरिकी कॅरोल शेल्बी, हे नाव कोब्रा या स्पोर्ट्स कारशी कायमचं जोडलेलं. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ४२७ कोब्राच्या काही चासी त्यांनी विकायला काढल्या, त्यांच्यावर १९६५च्या मालिकेतले नंबर होते, आणि त्या त्या काळातल्या उरलेल्या चासी आहेत असं सांगितलं गेलं. कॅलिफोर्नियाच्या वाहन खात्याकडून त्यांची कागदपत्रंही करून घेतली. १९९३ साली लॉस एंजेलिस टाइम्सनं उघडकीला आणलं की चासी नव्यानं घडवलेल्या होत्या. यात नंबरावर कुणी खाडाखोड केली नव्हती. नंबर वैध, गाडीला ज्याचं नाव त्यानंच दिलेला, कागद सरकारी. फक्त लोखंड पंचवीस वर्षांनी लहान. पुढे नवी मालिका नव्या नंबरांनी, नवी म्हणूनच विकली गेली. आणि तिलाही गिऱ्हाईक मिळालंच, हे मला नेहमी बोलकं वाटतं.

मग गाडी म्हणजे नक्की काय? चासी, इंजिन, का कागद? हा प्रश्न लंडनच्या न्यायालयात १९९० साली गेला होता. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’ १९२९ आणि १९३०, दोन्ही वर्षी फ्रान्समधली ल माँची शर्यत जिंकलेली. १९३२ साली ब्रुकलँड्सच्या शर्यतपट्ट्यावर तिचा भीषण अपघात झाला आणि चालक मरण पावला. नंतर तिच्यावर कूपेची बॉडी चढली. तिच्यासाठी १ कोटी पौंडांचा सौदा ठरला आणि घेणाऱ्या कंपनीनं ऐनवेळी नकार दिला. त्यांचं म्हणणं, की शर्यतीच्या गाडीतलं यात उरलंय काय? खरोखरच १९२९चं जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. तरी न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल विकणाऱ्याच्या बाजूनं दिला. शर्यतीत असतानाच तिचे भाग बदलत गेले होते, पण तिचा इतिहास मध्ये कुठे तुटलेला नाही आणि त्या नावावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगात नाही, म्हणून हीच ती. गोधडीची सगळी ठिगळं बदलली तरी ती त्याच घरची गोधडी, असं काहीसं.

‘दुसरी दावेदार नाही’ हे वाक्य फार महत्त्वाचं, कारण पुष्कळदा दुसरी असते. १९५५पासूनच्या जॅग्वार डी-टाइप या शर्यतीच्या गाडीचा मधला अ‍ॅल्युमिनियमचा भाग आणि पुढची नळ्यांची फ्रेम एकमेकांना बोल्टनं जोडलेली असते. शर्यतीत पुढचा भाग चेपला, की तो काढून दुसरा लावायचा. काढलेला चेपका भाग कुठल्यातरी गॅरेजच्या कोपऱ्यात पडून राहतो. वीस वर्षांनी त्याची किंमत कुणाच्या तरी ध्यानात येते, त्याच्याभोवती अख्खी गाडी उभी राहते, आणि मग एका नंबरच्या म्यानात दोन तलवारी. दोन्ही मालक खरं बोलत असतात, हीच पंचाईत.

आणि कधी नंबर संशयास्पद ठरतो, पण माणूस निर्दोष असतो. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका गृहस्थानं २०१६ साली इंडियाना राज्यातून १९५९ची शेव्हरोले कॉर्व्हेट ५०,००० डॉलरला घेतली. नोंदणीच्या तपासणीत पोलिसांना दिसलं, की व्हिनची प्लेट काढून पुन्हा लावलेली आहे. आधीच्या कुणीतरी गाडी दुरुस्त करताना, रंगकामासाठी, प्लेट सोडवली होती. केंद्रीय कायदा दुरुस्तीच्या कामात अशी मुभा देतो. राज्याचा कायदा तेव्हा देत नव्हता, उलट अशी गाडी नष्ट करा म्हणत होता. गाडी जप्त झाली, खटला वर्षानुवर्षं चालला, २०२२ साली विधिमंडळानं जुन्या गाड्यांसाठी कायदा बदलला, तेव्हा कुठे वाट मोकळी झाली. चार रिव्हेटांचा हा खर्च.

मी लिलावाचा कॅटलॉग मागून वाचतो. शेवटच्या पानांवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की गाडी आहे त्या स्थितीत विकली जाते आणि वर्णन मालकानं दिलेलं आहे. ते वाचून मग पुढची चकचकीत पानं उघडली की शब्द वेगळे दिसायला लागतात. ‘डेट-कोड करेक्ट’ म्हणजे भाग त्या काळचा, या गाडीचा असेलच असं नाही. ‘ट्रिब्यूट’ म्हणजे नक्कल, पण नम्र नक्कल. बोलीआधी इंजिनाच्या त्या बोटभर जागेचा, चासीवरच्या नंबरचा आणि प्लेटच्या रिव्हेटांचा फोटो मागायचा. मिळाला नाही, तर का मिळाला नाही ते विचारायचं. आणि १९६९मध्ये टायपलेला मूळ बिल्ड शीट, म्हणजे गाडीत काय काय बसवायचं याचा कारखान्यातला कागद, दाखवला, तर कागदाचा वासही घ्यायचा. हे मी थट्टेनं म्हणत नाही!

जाता जाता एक नंबर, ज्याला कुणी हात लावला नाही. १९६९च्या जानेवारीत न्यूयॉर्कमधून एक १९६८ची निळी कॉर्व्हेट चोरीला गेली. मध्ये ती किती हातांतून फिरली कोण जाणे, रंगसुद्धा बदलला. २००५च्या अखेरीस कॅलिफोर्नियाहून ती जहाजानं स्वीडनला जायची होती, आणि निघण्यापूर्वी कस्टम्सनं नेहमीची तपासणी म्हणून व्हिन चोरीच्या यादीशी ताडून पाहिला. ३७ वर्षांपूर्वीची तक्रार त्या यादीत अजून होती. २००६च्या जानेवारीत मूळ मालकाच्या हातात किल्ली परत आली.

नमस्कार.