दोघांच्या पोकरमध्ये पत्ते टाकून देण्याची घाई

दोघांच्या लिमिट पोकरमध्ये नवख्याचे पैसे कुठे जातात असं विचारलं, तर बहुतेक जण म्हणतात, फालतू पत्त्यांवर खेळण्यात. नऊ जणांच्या टेबलावर ते खरंही आहे. पण समोर एकच गडी असेल आणि पैजेची रक्कम बांधलेली असेल, तर माणूस बुडतो तो फार वेळा पत्ते टाकून देण्यामुळे.

हिशेबच करू. 10-20 चा होल्डेम घ्या, म्हणजे प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते आणि मधे दोघांचे मिळून पाच पत्ते टप्प्याटप्प्याने उघडतात तो खेळ. पहिल्या दोन फेऱ्यांत पैज 10 ची, पुढच्या दोन फेऱ्यांत 20 ची. शेवटचा पत्ता उघडला, पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, 100 आहेत आणि समोरच्याने 20 लावले. तुम्ही 20 घालायचे, मिळणार 120. सातांत एकदा जिंकलात तरी फिटंफाट. नो-लिमिटमध्ये, जिथे पैजेला बंधन नसतं, त्याने सरळ 100 लावले असते, मग तीनांत एकदा जिंकावं लागलं असतं. आता त्याच्या बाजूने बघा. हातात काहीच नसताना तो 100 साठी 20 घालतोय. तुम्ही सहांत एकदापेक्षा जास्त वेळा पत्ते टाकलेत, की त्याला कुठल्याही पत्त्यांवर ब्लफ परवडतो. ‘याच्याकडे जोडी असणारच’ असं वाटून आपण पत्ते टाकून देतो ना, त्या वाटण्याची किंमत ही एवढी असते.

सुरुवातीलाही तेच. दोघांच्या खेळात पत्ते वाटण्याआधीच सक्तीची रक्कम भरावी लागते: डीलर 5 चा स्मॉल ब्लाइंड भरतो, दुसरा 10 चा बिग ब्लाइंड. डीलरने 20 केले, की पॉटमध्ये 30 होतात आणि तुम्हाला आणखी 10 च घालायचे असतात. चारांत एकदा जिंकणं पुरतं. आता वेगवेगळ्या रंगांची सत्ती-दुर्री घ्या, पोकरमधले सगळ्यात बदनाम पत्ते. कुठल्याही अंदाधुंद हातासमोर तेसुद्धा शंभरात सुमारे 35 वेळा जिंकतात! अर्थात पैज वाढवणाऱ्याचा हात अंदाधुंद नसतो, शिवाय पुढच्या प्रत्येक फेरीत तुम्हाला त्याच्या आधी चाल ठरवावी लागते. त्यामुळे सत्ती-दुर्री टाकाच. पण तिच्या बऱ्याच वरचे पत्तेही लोक टाकतात, तिथे गळती सुरू होते.

हा माझा तर्क नाही. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात मायकेल बोलिंग आणि सहकाऱ्यांनी ‘सेफियस’ नावाचा प्रोग्रॅम केला; 4800 प्रोसेसरांवर 68 दिवस तो स्वतःशीच खेळला. जानेवारी 2015 मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यांनी जाहीर केलं की दोघांचं लिमिट होल्डेम व्यवहारापुरतं सुटलं आहे, म्हणजे सेफियसच्या खेळात फायदा उठवण्याजोगी चूक जवळपास उरलेली नाही. त्यातले दोन निष्कर्ष खेळणाऱ्याच्या कामाचे. एक, डीलर असणं हाच नफा आहे, दर हाताला बिग ब्लाइंडच्या जवळजवळ नऊ टक्के. दुसरा, डीलरने नुसते पैसे पुरे करून (5 चे 10 करून) आत यायचं जवळपास कधीच नाही: सेफियस तसं फक्त 0.06 टक्के वेळा करतो. वाढवा, नाहीतर टाका.

नशिबाचा भाग मात्र प्रचंड. 2007 मध्ये व्हँकुव्हरला याच विद्यापीठाचा ‘पोलारिस’ प्रोग्रॅम फिल लाक आणि अली इस्लामी या व्यावसायिक खेळाडूंशी खेळला, तेव्हा दोन खोल्यांत तेच पत्ते उलटसुलट वाटले होते, म्हणजे एकाला मिळालेले चांगले पत्ते दुसऱ्या खोलीत यंत्राला. माणसं थोडक्यात जिंकली. पुढच्या वर्षी लास व्हेगासला यंत्र जिंकलं. आपल्याला अशी सोय नसते, म्हणून एका संध्याकाळच्या हारजितीवरून स्वतःचा खेळ तोलू नका.

आणि सेफियससारखं खेळायचा हट्टही नको. समोर कोण बसलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, ते तुम्हाला असायला हवं. समोरचा शेवटी तीनांत एकदा पत्ते टाकत असेल, तर बिनधास्त ब्लफ करा, तो सावध होईपर्यंत. तो काहीच टाकत नसेल तर ब्लफ पूर्ण बंद, आणि मधल्या जोडीवरही शेवटपर्यंत पैज लावा. पण असा नुसता कॉल करणारा, म्हणजे पैज फक्त पुरी करत राहणारा, गडी शेवटच्या पत्त्यावर तुमचे 20 चे 40 करतो, तेव्हा त्याच्याकडे खरंच भारी पत्ते असतात; पॉट कितीही मोठा दिसू दे, 100 च्या पॉटमध्ये नवांत एकदा जिंकणं पुरतं हा हिशेब तोंडपाठ असू दे, ती जोडी तिथे खुशाल टाकून द्या.