रिकामी चौकट

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो, वंशवृक्ष शोधण्याची ऑनलाइन साधने आणि त्यांच्या आधारे टिकणारा कौटुंबिक संपर्क हा विषय मला देण्यात आला आहे. निरनिराळ्या संकेतस्थळांची ओळख करून देण्याचे मी कबूलही केले आहे, परंतु त्याआधी बरीच वर्षे मनात असलेली एक गोष्ट बोलल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. ऑनलाइन वंशवृक्षातली सर्वांत मोलाची जागा म्हणजे त्यातली रिकामी चौकट, असे माझे मत आहे. ती रिकामी दिसते म्हणून आपण घरातल्या कोणाला तरी फोन करतो, आणि यंत्राने ती परस्पर भरून दिली की फोन करायचे कारणच उरत नाही.

सात वर्षांपूर्वी मी वंशवृक्ष मांडायला बसलो, तेव्हा माझ्या पणजीच्या, म्हणजे वडिलांच्या आजीच्या चौकटीत तिचे नाव आणि मृत्यूचे वर्ष एवढेच होते. वर्षभराने एका रात्री त्या चौकटीच्या कोपऱ्यात जुळणीची खूण उमटली. तेच नाव, तेच वर्ष, आणि पलीकडे कोणा अनोळखी माणसाच्या वृक्षात तिचे आईवडील, तीन भाऊ आणि त्यांच्याही मागच्या पिढ्या. मी ‘स्वीकारा’ दाबले आणि क्षणात २६ माणसे आमची झाली. आनंद इतका झाला की तो तक्ता मी त्याच रात्री घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर पाठवला, आणि आठवडाभरात दोन चुलतभावांनी तो जसाच्या तसा आपापल्या वृक्षांत उतरवून घेतला.

पुढच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी तो आत्याला दाखवला. आत्या तेव्हा ८६ वर्षांची होती. तिने चष्मा पुसला, पडद्याजवळ तोंड आणून एकेक नाव वाचले आणि म्हणाली, “अरे, ही माझी आजी नव्हे. तिला भाऊ कुठले? दोघी बहिणीच होत्या त्या.” मग ती उठून आत गेली आणि बराच वेळ मला नुसती खुर्ची दिसत राहिली. परत आली ती एक फोटो घेऊन, आणि तो तिने कॅमेऱ्याला इतका चिकटवून धरला की तपकिरी रंगाखेरीज काही दिसेना. “आत्या, जरा मागे घे,” असे तीनदा सांगितल्यावर दोन मुली दिसू लागल्या. एकीचा हात दुसरीच्या खांद्यावर होता. फोटो उलटला तेव्हा मागे शिसपेन्सिलीने लिहिलेली दोन नावे होती. त्यांतले दुसरे नाव आमच्या वृक्षात कुठेच नव्हते. त्या दुसऱ्या मुलीविषयी आत्या पुढे पाऊण तास बोलली, आणि तो पाऊण तास मी जवळजवळ गमावलाच होता; कारण चौकट भरलेली होती आणि तिला काही विचारायचे मला सुचलेच नसते.

माझ्या वृक्षातली चूक पाच मिनिटांत निघाली, पण पसरलेली चूक निस्तरायला आठ महिने लागले. त्या संकेतस्थळाच्या मदतकक्षाला मी चार पत्रे लिहिली आणि चारही वेळा एकच साचेबंद उत्तर आले, की वृक्ष ज्याचा, दुरुस्ती त्याने करावी. तोवर ती जोडणी आणखी तीन वृक्षांत गेली होती, म्हणून मी एकेका मालकाला लिहू लागलो. सर्वांत आधी उत्तर आले ते मूळ वृक्ष ज्यांचा होता त्या गृहस्थांचे. ती बाई खरोखर त्यांची पणजी होती, आणि माझ्या जोडणीमुळे माझे वडील तिचे नातू असल्याच्या सूचना त्यांना येऊ लागल्या होत्या. आमचे दोघांचे नाते कोणत्याही वृक्षात जुळत नाही, तरीही गेली पाच वर्षे आम्ही एकमेकांना नेमाने लिहीत आहोत.

ही केवळ माझी कथा नव्हे. २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात जेनी या संकेतस्थळावरील सुमारे ८ कोटी ६० लाख नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यातून १ कोटी ३० लाख माणसांचा एकच सलग वृक्ष तयार झाला. एवढे काम हौशी माणसांनी घरी बसून केले, याचे मला मनापासून कौतुक वाटते. परंतु एकच व्यक्ती दुसरीचे अपत्यही आणि पालकही ठरते, असली अशक्य नाती त्या संशोधकांना आधी छाटावी लागली होती.

थोडा बाजूचा, पण मला फार जवळचा वाटणारा मुद्दा इथेच सांगतो. ही साधने एकमेकांना माहिती देतात ती प्रामुख्याने १९८४ साली तयार झालेल्या जेडकॉम नावाच्या साच्यातून. त्यात कुटुंब बांधले जाते ते मुख्यतः पती, पत्नी आणि अपत्य या खुणांनी. काका, मामा, आत्या, मावशी ही नाती त्यावरून मोजून काढावी लागतात. आईविना राहिलेल्या भाचरांना जिने वाढवले, ती मावशी त्या फाइलीत एका फांदीच्या टोकाला अपत्यहीन चौकट म्हणून उरते. म्हणून टिपणाची जागा कधीही कोरी सोडू नका. तिने काय केले ते तिथे लिहा.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा कबूल केलेला भाग भराभर सांगतो. फॅमिलीसर्च हे संकेतस्थळ १९९९ पासून आहे आणि विनामूल्य आहे. ते चालवणाऱ्या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या दप्तरांची सूक्ष्मचित्रे घेतली आणि ती आता पडद्यावर पाहता येतात. तिथली अनुक्रमणिका वाचून थांबू नका, मूळ पानाचे चित्र उघडा. नाव उतरवणाऱ्याने एक अक्षर चुकवले की माणूस हरवतो. विकिट्री २००८ पासून आहे. तिथे सर्वांचा मिळून एकच वृक्ष असतो आणि प्रत्येक नोंदीला आधार द्यावा, असा आग्रह धरला जातो. सामाईक वृक्षात दुसऱ्याने केलेला बदल सोसावा लागतो आणि स्वतंत्र वृक्षात आपली चूक कोणी दाखवत नाही. मी दोन्ही वापरतो. कोणी सांगितले, कधी सांगितले आणि कोणता कागद पाहिला, हे प्रत्येक नोंदीखाली लिहावे. जिवंत माणसांच्या नोंदी खाजगी ठेवाव्यात. जेडकॉमची प्रत वर्षातून एकदा उतरवून घ्यावी, मात्र फोटो सहसा तिच्यासोबत येत नाहीत. ते वेगळे जपावेत.

डीएनए चाचणीविषयी दोनच गोष्टी सांगतो. सख्ख्या चुलत, मावस, आते किंवा मामे भावंडांत सरासरी साडेबारा टक्के डीएनए समान असतो. नाते जसे दूरचे होते तसा अंदाज सैल होत जातो. शिवाय नमुना आपला असला तरी माहिती सगळ्या गोताची जाते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियात कित्येक दशकांपूर्वीच्या खुनांचा संशयित सापडला, तो दूरच्या नातलगांनी वंशवृक्षाच्या संकेतस्थळांवर स्वतःहून दिलेल्या डीएनएच्या माहितीवरून. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीच्या सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती २०२३ मध्ये चोरांच्या हाती लागली आणि मार्च २०२५ मध्ये त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून नमुना पाठवण्याआधी घरच्यांना विचारावे.

राहता राहिला संपर्क. आमच्या घरच्या गटावर दर शनिवारी मी एकाच रिकाम्या चौकटीचे चित्र टाकतो आणि खाली एकच प्रश्न लिहितो. पूर्ण वृक्ष पाठवला तर सगळे नुसता अंगठा दाखवतात, पण एका चौकटीला उत्तरे येतात, वाद होतात आणि कोणी तरी जुना फोटो शोधून काढतो. या शनिवारची चौकट पणजीच्या बहिणीची आहे. तिचे नाव आम्हाला मिळाले, तिच्या मुलांचे काहीच कळलेले नाही. आत्या आता ९२ वर्षांची आहे. रविवारी सकाळी तिला फोन करायचा आहे.