हायर, आणि दाराजवळचा घोडा

श्रोतेहो, नमस्कार. आज एकाच इंग्रजी शब्दाबद्दल बोलायचं आहे. शब्द आहे 'हायर'. एच, आय, आर, ई. अर्थ सगळ्यांना माहीत आहे, भाड्यानं घेणं. पण वापरायची वेळ आली की भलेभले अडखळतात, आणि त्याचं कारण आपल्याच भाषेत आहे.

मराठीत 'भाड्यानं' म्हटलं की पुढे 'घेतलं' किंवा 'दिलं' म्हणावंच लागतं. तिथे गोंधळाला जागाच नाही. इंग्रजीतला 'रेंट' मात्र दोन्हीकडून चालतो. घरमालकही 'रेंट' करतो, भाडेकरूही 'रेंट' करतो. कोण देतोय आणि कोण घेतोय ते पुढच्यामागच्या शब्दांवरून ओळखायचं. 'हायर'चं तसं नाही. जो घेतो तो 'हायर' करतो, आणि जो देतो तो 'हायर आउट' करतो. हे पुन्हा सांगतो: घेणारा हायर, देणारा हायर आउट. एवढा 'आउट' विसरला की सायकल देणारा माणूस सायकल घेणारा होऊन बसतो.

आता या शब्दाची माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. ती घोड्यांची आहे, आणि खरी आहे.

इंग्लंडमध्ये केंब्रिजला टॉमस हॉबसन नावाचा एक माणूस होता. जन्म 1544चा. धंदा मालवाहतुकीचा. केंब्रिज ते लंडन गाड्या हाकायच्या, लोकांचं सामान न्यायचं, पत्रं न्यायची. लंडनला बिशप्सगेट भागातल्या 'बुल' नावाच्या सराईत त्याचा मुक्काम असे. त्याच्या पदरी घोडे होते, साधारण चाळीस. केंब्रिजमध्ये विद्यापीठ, म्हणजे तरुण मुलं आलीच. त्या मुलांना फिरायला घोडा हवा असे आणि हॉबसनकडे घोडे होते. त्यानं ते भाड्यानं द्यायला सुरुवात केली, 'हायर आउट' करायला. नुसता घोडा नाही बरं का, बूट, लगाम, चाबूक, सगळं त्याच्याकडे तयार. मुलांनी या कॉलेजातून त्या कॉलेजात उसनवारी करत हिंडायला नको.

पण तरुण मुलं ती तरुण मुलंच. प्रत्येकाला तबेल्यातला सगळ्यात तेज घोडा हवा. रोज तोच घोडा बाहेर, रोज त्यालाच टाच. परिणाम काय? चांगला घोडा राबून राबून खंगणार आणि बाकीचे उभ्या उभ्या चारा खाणार. मग हॉबसननं एक नियम केला. गिऱ्हाईक आलं की त्याला तबेल्यात न्यायचं, सगळे घोडे दाखवायचे, आणि सांगायचं: दाराजवळ उभा आहे तो घ्या. तोच. दुसरा मिळणार नाही. तो नको असेल तर चालत जा. श्रीमंताचा मुलगा येवो की गरिबाचा, नियम एकच, दाराजवळचा घोडा.

1712 साली, म्हणजे हॉबसन जाऊन ऐंशी वर्षं झाल्यावर, रिचर्ड स्टीलनं लंडनच्या 'स्पेक्टेटर' या नियतकालिकात ही हकीकत लिहिली. त्यात त्यानं एक फार सुंदर गोष्ट नोंदवली आहे. या नियमामुळे गिऱ्हाइकांना सारखाच न्याय मिळाला, आणि घोड्यांनाही. मला हा घोड्यांचा न्याय फार महत्त्वाचा वाटतो. भाड्यानं आणलेली वस्तू आपली नाही म्हणून ती वाटेल तशी पिदडायची, ही वृत्ती मला मनापासून खटकते. भाडं आपण वापराचं देतो. वस्तूचे हाल करायचा परवाना त्यात मिळत नाही. हॉबसनला हे चारशे वर्षांपूर्वी कळलं होतं.

असो. त्या नियमावरून इंग्रजीत वाक्प्रचार आला, 'हॉबसन्स चॉइस'. अर्थ: समोर आहे ते घ्या, नाहीतर काहीच घेऊ नका. इथेही एक चूक फार होते. दोन वाईट गोष्टींतून एक निवडायची वेळ आली की लोक त्याला हॉबसन्स चॉइस म्हणतात. ते बरोबर नाही. ती इकडे आड, तिकडे विहीर. हॉबसनकडे दोन पर्याय नव्हतेच. घोडा एकच, दाराजवळचा.

1630 साली केंब्रिजला प्लेगची साथ आली आणि लंडनच्या खेपा बंद करायचा हुकूम निघाला. आयुष्यभर रस्त्यावर असलेला हा माणूस घरी बसला, आणि 1631च्या जानेवारीत गेला. वय शहाऐंशीच्या आसपास. तेव्हा केंब्रिजमध्ये एक विद्यार्थी शिकत होता, जॉन मिल्टन. होय, तोच पुढचा महाकवी. त्यानं या गाडीवानावर दोन कविता लिहिल्या. खेपा थांबल्या म्हणून म्हातारा गेला, असा त्यांचा सूर. भाड्यानं घोडे देणाऱ्याला असा कवी लाभला!

अशा भाड्याच्या घोड्याला इंग्रजीत 'हॅकनी' म्हणत. रोज नवा स्वार, रोज तीच दौड. त्यावरून 'हॅकनीड' शब्द आला, वापरून वापरून गुळगुळीत झालेला, शिळा. पैशासाठी वाटेल ते लिहिणारा लेखक 'हॅक' झाला, तोही या घोड्यावरूनच. आणि आपण काय म्हणतो? भाड्याचं तट्टू! दोन भाषांना एकच जनावर आठवलं.

आता थोडक्यात उरलेलं. ब्रिटनमध्ये मोटार, सभागृह, लग्नाचा सूट थोड्या वेळासाठी घेतला तर 'हायर', घर महिनोन्‌महिने घेतलं तर 'रेंट'. अमेरिकेत मोटारही 'रेंट' करतात, आणि 'हायर' म्हटलं की बहुधा माणूस नोकरीवर ठेवणं. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ मजुरी, मोबदला असाच होता, तेव्हा अमेरिकन चुकतात असं म्हणू नका.

आणि 'हायर पर्चेस'. हप्ते भरायचे, वस्तू वापरायची, शेवटी ती आपली. पण शेवटीच! इंग्लंडमध्ये एकानं छत्तीस महिन्यांच्या हप्त्यांवर पियानो घेतला आणि हप्ते पुरे व्हायच्या आत तो सावकाराकडे गहाण टाकला. खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयापर्यंत गेला. 1895 साली निकाल लागला: त्या माणसानं पियानो विकत घ्यायचं कबूलच केलेलं नव्हतं, तो फक्त 'हायर' केला होता. पियानो मूळ मालकाचाच राहिला, आणि सावकाराला तो सोडावा लागला.