गुठळी झाली, पण टिकली का?

नमस्कार, श्रोतेहो. मुलाच्या नडग्यांवर जांभळट पुरळ उठतं, बोटाला उंचवटा लागतो, काचेचा पेला दाबून धरला तरी डाग फिका पडत नाही. सांधे दुखतात, पोटात कळा येतात, शौचावाटे रक्त जातं. हा आयजीए व्हॅस्क्युलायटिस, बारीक रक्तवाहिन्यांचा दाह. रिपोर्टमध्ये प्लेटलेट्स ठीक, पीटी आणि एपीटीटी या रक्त गोठण्याच्या तपासण्याही ठीक. मग रक्त का जातंय?

दाहाने वाहिनीची भिंत गळते, हे एक कारण. दुसरं समजायला 1948 सालात जाऊ. लाकी आणि लोरांड या दोन हंगेरियन शास्त्रज्ञांना दिसलं की शुद्ध फायब्रिनची, म्हणजे गुठळीचे धागे बनवणाऱ्या प्रथिनाची, गुठळी युरियाच्या तीव्र द्रावणात विरघळते, पण प्लाझ्मातली, म्हणजे रक्ताच्या द्रव भागातली, विरघळत नाही. म्हणजे प्लाझ्मात तिला पक्कं करणारं काहीतरी होतं! पुढे 1960 मध्ये स्वित्झर्लंडमध्ये डुकेर्ट आणि सहकाऱ्यांसमोर एक मुलगा आला. रक्तस्राव थांबेना, जखमा नीट भरेनात, आणि गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या मात्र बिनचूक. त्याची गुठळी युरियात टाकली, तर ती विरघळली. त्याच्यात कमी होता तो घटक म्हणजे आजचा फॅक्टर 13. थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारं विकर (एन्झाइम) त्याला जागं करतं आणि कॅल्शियमच्या साथीने तो फायब्रिनच्या धाग्यांना आडव्या गाठी मारतो.

पीटी आणि एपीटीटी, गुठळी किती सेकंदांत धरते तेवढंच सांगतात. ती टिकते का, हे सांगत नाहीत. पुन्हा सांगतो: धरणं वेगळं, टिकणं वेगळं. म्हणून रिपोर्टवर नुसतं 'सर्व नॉर्मल' लिहिणं मला पटत नाही. काय तपासलं आणि काय नाही, तेही लिहावं.

दाह जोरात असला की फॅक्टर 13 खर्ची पडतो, पांढऱ्या पेशींची विकरं त्याला तोडतात. पोटाचा त्रास तीव्र असलेल्यांत तो बरेचदा घटलेला आढळतो. इथे जुनी युरिया चाचणी फसते: फॅक्टर जवळपास संपलेला असेल तरच गुठळी विरघळते, अर्धवट घट तिला कळत नाही. टक्केवारी देणारी तपासणीच हवी.

बहुतेक मुलं काही आठवड्यांत आपोआप सावरतात. पोटातून रक्तस्राव थांबतच नसेल आणि फॅक्टर खूप खाली असेल, तर काही तज्ज्ञ तो शिरेतून देतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे रक्तात तो निम्मा उरायला लागणारा काळ, 9 ते 14 दिवस, त्यामुळे रोज टोचावं लागत नाही.

लघवीची तपासणी मात्र पुरळ गेल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवा. मूत्रपिंडाचा त्रास उशिरा उघड होतो. आयबुप्रोफेन हे वेदनाशामक मनाने देऊ नका. हिरवी उलटी, काळी शौच किंवा वाढत्या कळा दिसल्या, तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.